न गळणारे केस कुठे जातात?

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात अंध व्यक्तींसाठी वाटाड्या कुत्रे तयार करणारी रॉयल गाइड डॉग असोसिएशन ही संस्था आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे हवाईहून एक विनंती आली. एका अंध महिलेला वाटाड्या कुत्रा हवा होता, पण तिच्या नवऱ्याला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती. संस्थेतल्या कुत्र्यांच्या पैदाशीचं काम वॉली कॉनरन पाहत. पूडलचे केस फारसे गळत नाहीत, म्हणून त्यांनी आधी मोठ्या आकाराच्या स्टँडर्ड पूडललाच हे काम शिकवायचं ठरवलं. त्यांनी तब्बल ३३ पूडल पारखले, पण एकही त्या कामाला उतरला नाही. शेवटी त्यांनी लॅब्रॅडॉर आणि स्टँडर्ड पूडल यांचा संकर केला.

तीन पिल्लं झाली. कॉनरन यांनी त्यांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले. तिघांपैकी एकाच पिल्लाच्या नमुन्याने त्या गृहस्थांना त्रास झाला नाही. त्याचं नाव सुलतान. प्रशिक्षण पूर्ण करून सुलतान हवाईला गेला आणि त्या घरी रुळला. उरलेल्या दोन पिल्लांना मात्र कुणी घरी न्यायला तयार होईना, कारण संस्थेकडे नावं नोंदवलेल्या कुटुंबांना शुद्ध जातीचा कुत्रा हवा होता. मग कॉनरन यांनी ‘लॅब्राडूडल’ हे नाव पुढे केलं, वर्तमानपत्रांत बातमी आली आणि मागणीचा पूर लोटला. पुढे गोल्डन रिट्रीव्हरपासून गोल्डनडूडल आणि कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलपासून कॅव्हापू आले. कॉकर स्पॅनियल आणि पूडल यांचा कॉकापू तर अमेरिकेत त्याआधीपासून होताच. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एबीसी वाहिनीशी बोलताना कॉनरन यांनी या साऱ्याबद्दल उघड पश्चात्ताप व्यक्त केला. आईवडिलांची आरोग्यतपासणी न करता कुणीही कशाचाही पूडलशी संकर करू लागलं, हे त्यांचं दुःख होतं.

या गोष्टीतली एक बाब सहसा सांगितली जात नाही. कॉनरन यांनी प्रत्येक पिल्लाची स्वतंत्र परीक्षा घेतली होती आणि तीन सख्ख्या भावंडांपैकी दोघं त्या परीक्षेत उतरली नव्हती. बाजाराने मात्र नाव उचललं आणि परीक्षा सोडून दिली. या कुत्र्यांविषयी जे जे समजून घ्यायचं, ते इथून सुरू होतं: जातीच्या नावावरून कुत्रा कळत नाही, समोरच्या पिल्लाकडे आणि त्याच्या आईवडिलांकडे पाहावं लागतं.

दाढीमिशांचं जनुक

पूडल हा मुळात पाण्यातला शिकारी साथीदार. मारलेली बदकं तळ्यातून काढून आणणं हे त्याचं काम. दाट, कुरळे आणि सतत वाढत राहणारे केस त्याला थंड पाण्यात ऊब देत. प्रदर्शनांत दिसणारी पूडलची विचित्र वाटणारी केशरचनासुद्धा या कामातूनच आली, असं सांगतात: पोहायला सोपं जावं म्हणून अंग भादरायचं, आणि सांधे व छाती गारठू नये म्हणून तेवढ्या जागी केस राखायचे.

कुत्र्यांच्या केसांत दिसणारं बरंचसं वैविध्य अवघ्या तीन जनुकांतून येतं, हे २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिलं. एक जनुक केसांची लांबी ठरवतं, दुसरं कुरळेपणा आणि तिसरं तोंडावरच्या दाढीमिशा व झुपकेदार भुवया. हे तिसरं जनुक केसगळतीशीही निगडित आहे. दाढीमिशा असलेल्या कुत्र्यांचे केस साधारणपणे कमी गळतात.

पूडलकडे दाढीमिशांच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, लॅब्रॅडॉरकडे एकही नसते. त्यामुळे पहिल्या पिढीतल्या प्रत्येक पिल्लाला एक प्रत मिळते. ती प्रभावी असल्याने सगळ्यांनाच दाढी येते. विक्रेते या पिढीला ‘एफ-वन’ म्हणतात. आता अशाच दोन एफ-वन कुत्र्यांपासून पिल्लं घेतली, तर मेंडेलच्या नियमाने सरासरी चारांतल्या एका पिल्लाकडे ही प्रत नसते. त्याचं तोंड गुळगुळीत राहतं, केस लॅब्रॅडॉरच्या वळणाचे होतात आणि ते घरभर गळतात. एफ-वनचा पुन्हा पूडलशी संकर केला की ‘एफ-वन-बी’ पिढी होते. तिच्यात तीन चतुर्थांश पूडल असतो, म्हणून केस अधिक कुरळे आणि गळती आणखी कमी. विक्रेता जेव्हा ‘केस अजिबात गळणार नाहीत’ असं सांगतो, तेव्हा ‘पिढी कोणती, आईवडील कसे दिसतात?’ हे विचारायलाच हवं.

अ‍ॅलर्जी केसांची नसते

कुत्र्याच्या अ‍ॅलर्जीचं मूळ केसांत नसून काही प्रथिनांत आहे. त्यांतलं प्रमुख प्रथिन ‘कॅन एफ १’ या नावाने ओळखलं जातं. ते कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या सुटणाऱ्या सूक्ष्म कोंड्यात असतं. कुत्रा अंग चाटतो, लाळ केसांवर वाळते, तिचे कण हवेत मिसळतात. लाळ आणि कातडी तर प्रत्येकच कुत्र्याला असते.

अमेरिकेत डेट्रॉइट इथल्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या संशोधकांनी २०११ मध्ये घरांतली धूळ तपासली. ‘अ‍ॅलर्जी न करणारे’ म्हणून विकले जाणारे कुत्रे असलेल्या घरांत हे प्रथिन इतर घरांपेक्षा कमी आढळलं नाही. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या अभ्यासात लॅब्राडूडलच्या घरांतल्या जमिनीवरच्या धुळीत ते काहीसं कमी मिळालं, पण हवेतल्या प्रमाणात तसा फरक दिसला नाही. कोणत्याही जातीला ‘अ‍ॅलर्जीमुक्त’ म्हणण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष त्या संशोधकांनी काढला.

म्हणून घरात कुणाला दमा किंवा अ‍ॅलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि मग त्या व्यक्तीने नेमक्या त्याच कुत्र्याच्या सहवासात वेगवेगळ्या दिवशी पुरेसा वेळ घालवून पाहावा. पिल्लू घरी आणून, मुलांचा जीव त्याच्यात गुंतल्यावर, ‘आजोबांना खोकला सुटतो’ म्हणून त्याला परत पाठवणं हा त्या जिवावर अन्याय आहे.

संकर म्हणजे निरोगी?

‘दोन जाती एकत्र आल्या की दोन्हींचे दोष जातात’ असं ठामपणे सांगितलं जातं. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजने २०२४ मध्ये हा समज तपासला. कॉकापू, लॅब्राडूडल आणि कॅव्हापू यांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली. ९,४०२ कुत्रे आणि ५७ नेहमीचे आजार या अभ्यासात होते. सुमारे ८७ टक्के तुलनांत काहीच फरक सापडला नाही. उरलेल्यांत कुठे संकरित कुत्र्यांना त्रास जास्त, तर कुठे कमी. थोडक्यात, संकरित कुत्रा शुद्ध जातीच्या कुत्र्याइतकाच निरोगी आणि तितकाच आजारी असतो.

याचं कारण सरळ आहे. लॅब्रॅडॉर आणि स्टँडर्ड पूडल या दोघांतही खुब्याच्या सांध्याचा दोष आढळतो. डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा एक आनुवंशिक आजार लॅब्रॅडॉर, पूडल आणि कॉकर या तिघांतही आहे. दोन्ही बाजूंना एकच दोष असेल, तर संकराने तो कसा जाईल? कॅव्हेलियरमध्ये हृदयाच्या झडपेचा आजार फार, त्यामुळे कॅव्हापू घेताना आईवडिलांच्या हृदयाची तपासणी महत्त्वाची. लहान पूडलच्या संकरांत गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास पाहावा लागतो. खुब्याचा एक्स-रे आणि डोळ्यांच्या आजाराची डीएनए चाचणी हे आईवडिलांचे कागद विक्रेत्याने स्वतःहून दाखवले पाहिजेत. पिल्लाचं लसीकरण कार्ड म्हणजे हे कागद नव्हेत.

रोजचा कंगवा

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे वळू. प्रत्येक केसाचं आयुष्य ठरलेलं असतं. पूडलच्या संकराचाही केस सुटतो, पण तो जमिनीवर पडत नाही. शेजारच्या कुरळ्या केसांत अडकून अंगावरच राहतो. सोफा स्वच्छ राहतो आणि सुटलेले केस कुत्र्याच्या कातडीजवळ साठत जातात. त्यांचा गुंता होतो, गुंत्याची जट होते, जटा एकमेकींना मिळून घट्ट थर बनतो. झाडूचं काम वाचलं, पण तेच काम कंगव्याच्या वाट्याला आलं. या कुत्र्याच्या देखभालीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथेच, आणि सगळ्यात जास्त वेदनाही इथेच सोसावी लागते.

जट दिसायला साधी वाटते. पण कुत्र्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर ती कातडी ओढते. खाली हवा जात नाही, ओल राहते, कातडी लाल होऊन चिघळते. पावसाळ्यात अशा झाकलेल्या जखमेत अळ्या पडल्या तरी बाहेरून पत्ता लागत नाही. कानामागे, काखेत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी, पंजांच्या बोटांमध्ये आणि पट्ट्याखाली जटा आधी धरतात. म्हणून घरात असताना गळ्यातला पट्टा आणि छातीवरचा हार्नेस काढून ठेवावा.

वरवर ब्रश फिरवणारे पुष्कळ असतात. पाठ मऊ, फुललेली दिसते आणि आत कातडीलगत थर तयार झालेला असतो. खरी पद्धत अशी आहे. कुत्र्याला कुशीवर झोपवायचं आणि पायाच्या खालच्या भागापासून सुरुवात करायची. एका हाताने केस वर उचलून धरले की कातडीची एक रेघ उघडी पडते. तिथले केस थोडे थोडे खाली सोडत, बारीक वाकड्या तारांच्या स्लिकर ब्रशने हलक्या हाताने विंचरायचे. मग रेघ थोडी वर सरकवायची. अशी एकेक रेघ करत पाठीपर्यंत जायचं. ब्रश झाला की धातूचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत ओढून पाहायचा. तो कुठेही अडकला नाही, तर काम झालं. अडकला, तर तिथे गुंता आहेच.

छोटा गुंता सोडवताना केस कातडीजवळ दोन बोटांत घट्ट धरावेत, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. मग टोकाकडून मुळाकडे थोडं थोडं सोडवत जावं. कात्री लावू नये. जटेबरोबर कातडीही वर ओढली गेलेली असते आणि ती कापली जाते. आणखी एक नियम घरातल्या सगळ्यांनी पाळावा: आधी विंचरणं, मग आंघोळ. गुंतलेले केस भिजले की जटा आणखी आवळतात. आंघोळीनंतर टॉवेलने जोरात चोळू नये, दाबून पाणी टिपावं आणि अंग मुळापर्यंत वाळवावं.

केस लांब ठेवायचे असतील तर हे काम रोजचं आहे. आखूड ठेवले तर एक दिवसाआड चालतं. शिवाय साधारण सहा ते आठ आठवड्यांनी ग्रूमरकडे केस कापून घ्यावे लागतात, कारण हे केस वाढायचे थांबत नाहीत. कुत्र्याच्या आयुष्यात एक कठीण काळ येतो. आठ महिन्यांपासून वर्ष-सव्वा वर्षापर्यंत पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे केस येतात, आणि कालपर्यंत मोकळं असलेलं अंग अचानक गुंतायला लागतं. पहिल्यांदाच पाळणारी कुटुंबं इथे थकतात. या काही महिन्यांत केस आखूड ठेवणं सगळ्यांच्या सोयीचं. आणि अंगभर जटा झालेल्या कुत्र्याचे केस ग्रूमरने पार उतरवले, तर त्याच्यावर चिडू नये. अशा वेळी तासन्‌तास ओढून विंचरण्यापेक्षा केस काढणंच दयाळूपणाचं असतं. केस पुन्हा येतात.

हे सगळं सुरळीत व्हायचं तर सवय पहिल्या आठवड्यापासून लावावी. पिल्लाचे पंजे हातात घेणं, कान उलटून पाहणं, तोंड उघडणं, ब्रशचा स्पर्श, ड्रायरचा आवाज हे सगळं दोन-तीन मिनिटं आणि सोबत खाऊ. पिल्लाने शांत राहायला शिकणं हे केसांच्या सौंदर्यापेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

कान, गोचीड, ऊन, पाऊस

पूडलच्या संकरांचे कान लोंबते आणि आतून केसाळ असतात. आत ओल राहिली की बुरशी वाढते. सतत डोकं झटकणं, कान खाजवणं, आंबूस वास किंवा तपकिरी मळ दिसला तर पशुवैद्याकडे जावं. कापसाच्या काडीने आत खरवडू नये. कानातले केस उपटावेत की नाही, हे त्या कुत्र्याचा कान पाहून पशुवैद्यालाच ठरवू द्यावं.

महाराष्ट्रात आणि गोव्यात हा कुत्रा पाळायचा तर गोचीड हा बारमाही शत्रू समजावा. दाट कुरळ्या केसांत गोचीड दिसत नाही, बोटांनी चाचपावी लागते. एर्लिकिया आणि बॅबेसिया हे रक्ताचे आजार तिच्यामुळे होतात. ताप, सुस्ती, खाण्यावरची वासना उडणं, हिरड्या पांढुरक्या दिसणं, नाकातून रक्त येणं यांतलं काहीही दिसलं तर रक्ततपासणीला उशीर करू नये. गोचीडनाशक औषध पशुवैद्याने सांगितलेल्या अंतराने वर्षभर द्यावं. रोजचा कंगवा इथेही कामाला येतो. जो रोज विंचरतो, त्याला गोचीड पहिल्या दिवशी सापडते.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, उंदरांच्या मूत्रामार्फत लेप्टोस्पायरोसिस पसरतो. तो माणसांनाही होतो. रेबीजच्या लशीइतकीच याची लसही वेळेवर द्यावी. बाहेरून आल्यावर पंजे आणि पोट पुसून कोरडं करावं. उन्हाळ्यात कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो, त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हात फिरणं पहाटे आणि रात्रीच. रस्त्यावर उलटा हात ठेवून पाहावा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. धापा थांबत नसतील, कुत्रा लडखडत असेल, तर आधी अंगावर गार पाणी ओतून पंख्याखाली घ्यावं आणि लगेच दवाखाना गाठावा.

डोक्याला काम हवं

मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ मध्ये कुत्र्यांच्या जातींची शिकण्याच्या क्षमतेनुसार यादी केली. त्यात पूडल दुसऱ्या, गोल्डन रिट्रीव्हर चौथ्या आणि लॅब्रॅडॉर सातव्या क्रमांकावर आहे. या जातींच्या संकरातून आलेला कुत्रा शांतपणे गॅलरीत पडून राहील, ही अपेक्षाच चुकीची. त्याला रोज दोन वेळा फिरणं हवं आणि त्याशिवाय डोक्याला खाद्य हवं: घरात लपवलेला खाऊ शोधणं, नाव घेतल्यावर ठरावीक खेळणं आणणं, रोज पाच-दहा मिनिटांचं नवं शिकणं. काम मिळालं नाही की तो स्वतः काम शोधतो. चपला, उशा आणि दाराची चौकट त्याच्या तडाख्यात सापडतात.

ही कुत्री माणसाला फार चिकटतात. दोघंही नोकरीला जाणाऱ्या घरात पिल्लाला एकटं राहायला हळूहळू शिकवावं लागतं. आधी दोन मिनिटं, मग पाच, मग अर्धा तास. सुट्टीचा महिनाभर चोवीस तास सोबत आणि मग एकदम दहा तास कुलूप, असं केलं तर ते भेदरतं.

खाण्याचं थोडक्यात. दूध-पोळीवर हा कुत्रा वाढत नाही, त्याला प्रथिनं लागतात. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचतही नाही. मनुका-बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, लसूण आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ विषारी आहेत. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा. पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवावं.

घरी आणण्यापूर्वी

भारतात २०१७ पासून लागू असलेल्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. नोंदणी विचारा, पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहा, ती राहते ती जागा पाहा. आईला दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून, रस्त्यात मध्येच भेटून पिल्लू हाती ठेवणाऱ्याकडून घेऊ नका. अशा प्रत्येक खरेदीने कुठल्यातरी पिंजऱ्यातल्या मादीची पुढची वीण ठरते.

मग घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ठरवावं. रोजचा कंगवा कोण करणार? मुलाची दहावी असेल तेव्हा कोण? ग्रूमरचा आणि औषधांचा खर्च दर महिन्याच्या हिशेबात बसतो का? गावी जाताना त्याला कोण सांभाळणार? हा कुत्रा बारा ते पंधरा वर्षं जगतो. आज पाचवीत असलेली मुलगी नोकरीला लागेपर्यंत तो घरात असेल.

या प्रश्नांना नावानिशी उत्तरं मिळाली, तर पूडलचा संकर हा कुटुंबाला जीव लावणारा, हुशार, मुलांत रमणारा साथीदार आहे. उत्तरं मिळाली नाहीत, तर आखूड केसांचा कुत्रा निवडावा. आपल्या गल्लीतली देशी पिल्लं या हवामानात घडलेली आहेत, त्यांना आठवड्यातून एकदा ब्रश पुरतो आणि प्राणी संस्थांमध्ये ती घराची वाट पाहत आहेत. कुत्रा कोणता घ्यायचा हे आपल्या हौशीपेक्षा आपल्या हाताशी असलेल्या वेळावर ठरवलं, तर तो कुत्राही सुखात राहील आणि घरही.